मुलाखतीच्या खोलीत तुम्हीही बसा

प्रति,
विद्यापीठांमधल्या मानसोपचार विभागांचे प्रमुख आणि तिथले ज्येष्ठ अध्यापक

आदरणीय सर, आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

आपल्या विभागांची बातमीपत्रं मी आवडीने वाचते. कुणाला संशोधनासाठी अनुदान मिळालं, कुणाचा शोधनिबंध कुठे छापून आला, कोण पाहुणे व्याख्यान देऊन गेले, कुठल्या रेसिडेंटच्या, म्हणजे मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरच्या, पोस्टरला पहिलं बक्षीस मिळालं, कोण निवृत्त झालं. यातल्या प्रत्येक बातमीमागे कुणाचे तरी कष्ट आहेत आणि त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण अंक कितीही मागे चाळत गेलं तरी एक बातमी मला कधी दिसलेली नाही. या महिन्यात अमुक सरांनी रेसिडेंटसमोर बसून एका रुग्णाची पूर्ण मुलाखत घेतली. किंवा अमुक मॅडम पहिल्या वर्षाच्या मुलीने घेतलेल्या मुलाखतीला सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसल्या आणि नंतर तिच्याशी त्यावर बोलल्या. असं काही छापण्याजोगं कुणाला वाटत नाही, हे एक कारण असेल. दुसरं कारण जास्त काळजीचं आहे: बऱ्याच विभागांत आता हे घडतच नाही.

मी अशाच एका विभागात शिकले आणि अशाच एका विभागात शिकवते. हे पत्र तक्रारीचं नाही, विनंतीचं आहे. मात्र ती स्पष्ट शब्दांत करायची तर सध्या काय चाललं आहे तेही स्पष्टच लिहायला हवं.

नवा रेसिडेंट रुजू होतो. पहिल्या आठवड्यात त्याला केस शीटचा नमुना मिळतो, औषधांच्या डोसची यादी मिळते आणि ड्युटीचं वेळापत्रक मिळतं. मग तो एकटाच रुग्णासमोर जाऊन बसतो. कसं बोलायचं ते त्याच्याहून वर्षभराने मोठ्या रेसिडेंटकडून ऐकून शिकतो, आणि त्या मोठ्यानेही ते तसंच शिकलेलं असतं. पुढे केस प्रेझेंटेशन येतं. सेमिनार रूममध्ये वीस-पंचवीस जण बसलेले असतात. रुग्ण वॉर्डात असतो. रेसिडेंट कागद वाचतो, सर प्रश्न विचारतात, निदानाच्या शक्यतांवर चर्चा रंगते, कुणी एखादा ताजा अभ्यास सांगतं. पुष्कळदा ही चर्चा खरोखर उत्तम असते. पण जिच्यावर चर्चा चालली आहे ती मुलाखत तिथल्या एकाही ज्येष्ठाने पाहिलेली नसते. प्रश्न कोणत्या सुरात विचारला गेला, उत्तर यायला किती वेळ लागला, रुग्ण कुठे अडखळला आणि रेसिडेंटने त्याला तिथे थांबू दिलं का, हे कुणालाच ठाऊक नसतं.

वैद्यकाच्या इतर शाखांत रेसिडेंटच्या सांगण्यापलीकडे पुरावा असतो. एक्स-रे लाइट बॉक्सवर लावता येतो, रक्ताचा रिपोर्ट कुणीही वाचू शकतं, छातीला पुन्हा स्टेथोस्कोप लावता येतो. आपल्याकडे मुलाखत हीच तपासणी. तीच नीट झाली नसेल तर पुढची सगळी विद्वत्ता चुकीच्या नोंदीवर उभी राहते.

1886 मध्ये जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपलिन वयाच्या तिशीत डोर्पाटच्या (आजच्या एस्टोनियातल्या टार्टूच्या) विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथल्या बहुतेक रुग्णांची भाषा त्यांना येत नव्हती आणि बरंचसं काम दुभाष्यामार्फत करावं लागे. आजाराची सुरुवात, त्याची चाल, त्याचा शेवट हे बाहेरून टिपता येण्यासारखं त्यांनी पुढे फार बारकाईने टिपलं आणि त्यातून आपल्या शास्त्राला वर्गीकरण मिळालं. पण रुग्णाचं म्हणणं थेट ऐकू न येणं ही त्यांच्यासाठी मोठी अडचण होती. आज सेमिनार रूममध्ये बसलेले सर त्याच अडचणीत आहेत. दुभाष्याच्या जागी रेसिडेंट आहे, इतकाच फरक. क्रेपलिन यांच्यापुढे इलाज नव्हता. आपल्याला वॉर्डात जायला फक्त खुर्चीवरून उठावं लागतं.

मी रेसिडेंट असतानाचा एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. माझ्या एका सहकाऱ्याने मध्यमवयीन बाईंची केस मांडली. झोप नाही, खाण्यावरची वासना उडालेली, अधूनमधून मेलेल्या भावाचा आवाज ऐकू येतो. मनःस्थितीच्या तपासणीत त्याने लिहिलं होतं की भावाच्या मृत्यूबद्दल सांगताना रुग्ण हसते, भावाभिव्यक्ती प्रसंगाशी विसंगत आहे. चर्चा सायकोसिसच्या, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याच्या आजाराच्या, दिशेने निघाली. आमचे सर थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "चला, त्यांना भेटून येऊ."

सर, तो सहकारी आणि मी, तिघेच गेलो. सरांनी आधी बाईंना विचारलं, आम्ही बसलो तर चालेल का, नको असेल तर नको म्हणा, उपचारात काही फरक पडणार नाही. मग खुर्ची ओढून त्यांच्या नजरेच्या पातळीवर बसले आणि म्हणाले, "तुमच्या भावाबद्दल मला सांगाल?" बाई सांगू लागल्या. हॉस्पिटलचे शेवटचे दिवस, नळ्या, रात्रीची जागरणं. आणि मध्येच हसल्या. सर काहीच बोलले नाहीत. पुढचा प्रश्नही नाही, मान डोलावणंही नाही, नुसते त्यांच्याकडे बघत राहिले. ती शांतता मला असह्य झाली होती, हे आजही आठवतं. मग त्यांनी हळूच विचारलं, "आत्ता त्यांचं काही आठवलं का?" बाई म्हणाल्या, "सकाळी कुणी उठवायला आलं की तो डोळे मिटूनच म्हणायचा, हळू बोला, इथे एक आजारी माणूस झोपलाय." पुन्हा हसल्या, आणि मग रडू लागल्या. बराच वेळ रडल्या. सर उठले नाहीत.

बाहेर आल्यावर कॉरिडॉरमध्ये सरांनी सहकाऱ्याला विचारलं, "त्या हसल्या तेव्हा तू काय केलंस?"

"पुढचा प्रश्न विचारला."

"का?"

"फॉर्ममध्ये पुढे तोच होता, सर."

सर रागावले नाहीत. म्हणाले, "हसल्या, हे तू बरोबर टिपलंस. का हसल्या, हे विचारायचं राहिलं." निदान त्या दिवशी बदललं असं नाही, ते ठरायला आणखी काही भेटी लागल्या. पण 'विसंगत' हा शब्द केस शीटवरून गेला. आणि थांबणं ही शिकण्याची गोष्ट आहे, ती कुणीतरी करताना बघावी लागते, हे आम्हा दोघांना त्या खोलीत कळलं. मनःस्थितीच्या तपासणीवरच्या व्याख्यानाला आम्ही दोघेही बसलो होतो, टिपणंही काढली होती. त्या टिपणांत शांततेला जागा नव्हती.

आपल्या शाखेतली सगळ्यात गाजलेली केस आठवून पाहा. 26 नोव्हेंबर 1901 रोजी फ्रँकफर्टमध्ये अलॉइस अल्झायमर आउगुस्टे डेटर या एक्कावन्न वर्षांच्या रुग्णाशेजारी बसून प्रश्न विचारत होते आणि तिची उत्तरं जशीच्या तशी लिहून घेत होते. तुमचं नाव काय? आउगुस्टे. आडनाव? आउगुस्टे. पतीचं नाव? आउगुस्टे, मला वाटतं. लिहायला सांगितलं तर नाव पुरं करता येईना, तेव्हा ती म्हणाली की मी स्वतःला हरवून बसले आहे. 1906 मध्ये तिचा मृत्यू झाला. अल्झायमर तोवर म्युनिकला क्रेपलिन यांच्या विभागात गेले होते, तिथे त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. त्याच वर्षी 3 नोव्हेंबरला ट्युबिंगेनच्या बैठकीत त्यांनी तो निष्कर्ष मांडला, आणि 1910 मध्ये क्रेपलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात त्या आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं. आपण विद्यार्थ्यांना सूक्ष्मदर्शकाची कथा सांगतो. पण आउगुस्टेची हरवलेली फाइल 1995 मध्ये फ्रँकफर्टच्याच विद्यापीठ-रुग्णालयात सापडली तेव्हा त्यात दिसला तो एक अनुभवी डॉक्टर, जो स्वतः खाटेशेजारी बसतो, विचारतो आणि रुग्णाचेच शब्द लिहितो. 'स्मृती क्षीण' असं दोन शब्दांत उरकून तो मोकळा झाला असता, तर ती फाइल आज कुणी उघडली नसती.

जुन्या माणसांच्या गोष्टी बाजूला ठेवू. निदानात एकवाक्यता किती, हा प्रश्न आपल्या शाखेने स्वतःलाच वारंवार विचारला आहे. 1972 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ जॉन कूपर आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क आणि लंडन इथल्या निदानांची तुलना प्रसिद्ध केली. त्याच प्रकल्पात रुग्णांच्या मुलाखतींच्या व्हिडिओ टेप दोन्ही देशांतल्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवल्या गेल्या. माणूस तोच, शब्द तेच, तरी काही रुग्णांबाबत अमेरिकन डॉक्टर स्किझोफ्रेनिया म्हणत होते आणि ब्रिटिश डॉक्टर दुसरंच काही. त्या धक्क्याचा 1980 च्या डीएसएम-थ्री या अमेरिकन निदान-पुस्तिकेतल्या काटेकोर निकषांमागे मोठा वाटा होता. निकष आले, म्हणजे प्रश्न सुटला असं आपण धरून चाललो. पण 2013 मध्ये त्याच पुस्तिकेच्या डीएसएम-फाइव्ह या आवृत्तीच्या चाचण्यांचे निकाल आले. एकाच रुग्णाला दोन डॉक्टरांनी वेगवेगळं भेटून निदान केलं तर किती जुळतं, हे त्यात मोजलं होतं. त्या मोजमापात 0 म्हणजे योगायोगाने जुळावं तेवढंच आणि 1 म्हणजे पूर्ण एकमत. प्रौढांमधल्या मेजर डिप्रेशनचा आकडा 0.28 आला. स्किझोफ्रेनियाचा 0.46.

या आकड्यांचा दोष निकषांच्या माथी मारणं सोपं आहे. त्यात निकषांचा वाटा आहेच. रुग्णही एका दिवशी एक सांगतो, दुसऱ्या दिवशी दुसरं. पण तेच निकष हातात घेऊन दोन डॉक्टर खोलीत जातात आणि वेगळं काही ऐकून बाहेर येतात, तेव्हा ऐकण्याच्या शिक्षणाकडेही बघायला हवं. निकषांवरची चर्चा आपल्या सेमिनारमध्ये भरपूर होते. निकष भरतो आहे की नाही हे कशावरून ठरवलं, याची चर्चा करायला मुलाखत सगळ्यांनी मिळून पाहिलेली लागते.

हे ओळखून काही देशांनी नियम केले आहेत. अमेरिकेत रेसिडेंटने प्रत्यक्ष रुग्णाची मुलाखत परीक्षकासमोर घेणं आणि अशा किमान 3 मुलाखतींत उत्तीर्ण होणं तज्ज्ञ म्हणून मान्यता देणाऱ्या बोर्डाच्या परीक्षेला बसण्यासाठी आवश्यक आहे. ब्रिटनमध्येही ज्येष्ठांनी पाहिलेल्या मुलाखतींचं मूल्यमापन प्रशिक्षणाचा भाग आहे. नियम असणं चांगलंच. पण सगळ्या प्रशिक्षणात 3 ही संख्या खालची मर्यादा म्हणून ठीक, शिकवणी म्हणून फार तोकडी. शिवाय परीक्षेसाठी पाहणं आणि शिकवण्यासाठी पाहणं यांत फरक आहे. परीक्षक बसला की रेसिडेंट फॉर्म पूर्ण करण्याच्या मागे लागतो. शिक्षक बसला की त्याला मध्येच थांबून म्हणता आलं पाहिजे, "सर, इथे मी अडकलो."

सगळ्यात जास्त अडकायला होतं ते आत्महत्येच्या प्रश्नाशी. तो विचारल्याने रुग्णाच्या मनात नसलेला विचार पेरला जातो ही भीती निराधार आहे, हे अभ्यासांतून दिसून आलं आहे आणि आपले विद्यार्थी ते परीक्षेत बरोबर लिहितात. प्रत्यक्षात काय होतं ते मी दाराशी उभं राहून ऐकलं आहे. "तसे काही वाईट विचार नाहीत ना येत?" नजर कागदावर. या प्रश्नाला एकच सोयीचं उत्तर आहे, आणि रुग्ण भिडेखातर ते देतो. रेसिडेंट लिहितो: आत्महत्येचे विचार नाहीत. हाच प्रश्न एखाद्या अनुभवी बाईंनी विचारताना ऐकावा. "इतकं सगळं एकटीने सोसताना जगणं नकोसं वाटलं असेल." आणि मग गप्प. होकार आला की न बिचकता पुढे जाणं: मरून जावं असं वाटतं का, कसं करायचं हे मनात आलं का, ते साधन घरात आहे का, आजवर कशाने थांबलात. हे शब्द पुस्तकात आहेत. न बिचकणं पुस्तकात नाही.

आणि तरीही रुग्ण जातात. प्रशिक्षणाच्या काळातच एखाद्या रुग्णाच्या आत्महत्येला सामोरं जावं लागलेले मानसोपचारतज्ज्ञ पुष्कळ आहेत. तुमच्यापैकीही अनेकांना ती पहिली बातमी कुठे उभं असताना कळली हे आठवत असेल. ही विभागाची अशी बातमी आहे जी कुठेच छापली जात नाही, छापूही नये. पण ती विभागात बोललीही जात नाही. रेसिडेंटला कागद पूर्ण करायला सांगितलं जातं, एखादी चौकशीवजा बैठक होते, आणि दुसऱ्या दिवशी त्याची ओपीडी नेहमीसारखी सुरू. काही मुलं त्यानंतर प्रत्येक रुग्णाला भरती करू लागतात. काही तो प्रश्न विचारणंच बंद करतात. ज्या ज्येष्ठाने त्याची मुलाखत आधी कधीतरी पाहिलेली आहे तोच त्याला प्रामाणिकपणे सांगू शकतो, की तू विचारलंस तसंच मीही विचारलं असतं. किंवा हे सुटलं, पुढच्या वेळी असं विचार. ज्याने कधी पाहिलंच नाही त्याचा धीर पोकळ वाटतो, आणि त्याचा ठपका अन्यायाचा. मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांनी 1950 च्या दशकात लंडनमध्ये डॉक्टरांचे छोटे गट सुरू केले, त्यात डॉक्टर आपल्याला जड गेलेल्या रुग्णांबद्दल मोकळेपणाने बोलत. असा गट प्रत्येक विभागात हवा. पण त्यातही ज्येष्ठांनी स्वतःचा जड गेलेला रुग्ण आधी मांडला नाही, तर मुलं तोंड उघडत नाहीत.

वेळ कुठून आणायचा, हे तुम्ही विचाराल. प्रश्न खरा आहे. ओपीडीची रांग, थीसिसच्या दुरुस्त्या, समित्या, आणि बढती ठरते शोधनिबंधांवर. संशोधन करू नये असं मी म्हणत नाही. 1952 मध्ये पॅरिसला डिले आणि डेनिकर या मानसोपचारतज्ज्ञांनी सायकोसिसवर क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरून पाहिलं नसतं तर आपली शाखा आज कुठे असती? माझी मागणी लहान आहे. आठवड्यातल्या केस प्रेझेंटेशनच्या तासातली पहिली वीस-पंचवीस मिनिटं रुग्णासोबत जाऊ देत. त्याच तासात, आहे त्या माणसांनी. आणि बढतीच्या अर्जात किती मुलाखती प्रत्यक्ष बसून शिकवल्या याला रकाना ठेवणं विभागाच्या हाती नसेल, तर विभागाच्या वार्षिक अहवालात ते लिहिणं तरी तुमच्याच हाती आहे.

दुसरा आक्षेप रुग्णाच्या बाजूचा आहे, आणि तो मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. दोन माणसांसमोर कुणी मन मोकळं का करील? काही जण करणार नाहीत, आणि त्यांचा नकार शेवटचा मानायला हवा. परवानगी विचारायचीही एकांतात, उपचार करणाऱ्या डॉक्टरांखेरीज दुसऱ्या कुणीतरी. दहा विद्यार्थ्यांचा घोळका दारात उभा करून "चालेल ना?" असं विचारणं म्हणजे परवानगी नव्हे. पण माझा अनुभव असा की एक ज्येष्ठ डॉक्टर पाऊण तास फक्त आपल्यासाठी बसला, हे बहुतेकांना आवडतं. मुलाखतीच्या शेवटी आपल्याला काय समजलं ते त्यांनाच साध्या शब्दांत सांगून "हे बरोबर आहे का?" असं विचारलं, तर ते दुरुस्तही करतात. ती दुरुस्ती ऐकणं हा विद्यार्थ्यांसाठी सगळ्यात मोलाचा भाग असतो. जिथे दुसरी व्यक्ती खरंच अडचण होते, तिथे एका बाजूने दिसणारी काच आहे, लेखी संमती घेऊन केलेलं आणि ठरल्या मुदतीत पुसलेलं रेकॉर्डिंग आहे.

तिसरी अडचण कुणी उघड बोलत नाही, म्हणून मीच लिहिते. वर्षानुवर्षं सेमिनार रूममध्ये शिकवल्यावर विद्यार्थ्यांसमोर स्वतः मुलाखत घ्यायला संकोच वाटतो. रुग्ण बोललाच नाही तर? चिडून उठून गेला तर? तर मुलांना ते पाहू द्या. ज्येष्ठांचीही मुलाखत फसते, मग ते काय करतात, माफी कशी मागतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा कसे जातात, हे पाहायला मिळणं हीच तर शिकवणी. तुमच्या चाळीस मिनिटांच्या चकचकीत स्लाइड्सपेक्षा मुलांना ते जास्त उपयोगी पडेल, अशी माझी खात्री आहे.

तेव्हा विनंती इतकीच. पुढच्या सत्राचं वेळापत्रक लागेल तेव्हा 'रुग्णासमवेत मुलाखत' असा एक तास त्यात धरा. रेसिडेंटच्या नावापुढे तो टाकण्याआधी पहिला तास तुमच्या स्वतःच्या नावावर घ्या, दुसरा तुमच्यानंतरच्या ज्येष्ठांच्या. मग तुम्ही शेजारच्या खुर्चीत बसा आणि मुलांना घेऊ द्या. बसल्यावर मध्ये बोलू नका, हे अवघड जाईल. मुलाखत संपली की आधी त्यालाच विचारा, त्याला काय दिसलं. मग तुम्हाला काय दिसलं ते सांगा.

हे पत्र वाचून एखाद्या विभागाला हे करून पाहावंसं वाटलं, तर तास कसा बसवायचा, संमती कशी घ्यायची, यासाठी माझा वेळ मी आनंदाने देईन.

आपली नम्र,
मानसोपचार शिकवणारी एक अध्यापिका